तर्जनीचा अंगठा होतो तेव्हा : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

१/ काही मुले अंगठ्याविना जन्माला येतात. काहींना अंगठा असतो, पण तो इतका दुबळा की त्याने काहीच धरता येत नाही. अशा बाळाच्या आईवडिलांना हाताचे शल्यविशारद एक विलक्षण सल्ला देतात : तर्जनी सोडवून अंगठ्याच्या जागी बसवू या. हात चार बोटांचा राहील, पण त्याला अंगठा असेल. हा सल्ला देण्याइतका विश्वास वैद्यकाला कोठून आला, याचा हा धागा.

२/ आधी अंगठ्याचे माहात्म्य. १९५६ साली ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी हाताच्या पकडीचे दोन मूलभूत प्रकार मांडले : बळाची पकड आणि नेमकेपणाची पकड. आपल्या स्वयंपाकघराला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. तांदूळ मुठीने घेतात, हळद चिमटीने. अंगठा नसला तर मूठ कशीबशी वळते. खरी चिमूट मात्र होत नाही.

३/ चिमटीचे रहस्य अंगठ्याच्या टोकात नसून बुडाशी आहे. मनगटालगत, खोगिरावर खोगीर ठेवावे तसा एक सांधा असतो. त्याच्यामुळे अंगठा तळहातापासून दूर जातो, स्वतःभोवती थोडा फिरतो आणि बाकीच्या बोटांच्या समोर येऊन उभा राहतो. इतर बोटांना तीन पेरे, अंगठ्याला दोनच. तरीही हाताचे निम्मे काम त्याच्याकडे, असे म्हणतात ते या सांध्याच्या जोरावर.

४/ द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे अंगठाच मागितला, करंगळी नव्हे. कथाकाराला अंगठ्याची किंमत माहीत होती. परंतु एकलव्याला आधी अंगठा होता. आपल्या विषयातील मुलाला तो कधीच नव्हता. 'गमावलेला' आणि 'न लाभलेला' यांतील हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. कारण या शस्त्रक्रियेचा इतिहास सुरू होतो तो गमावणाऱ्यांपासून.

५/ पहिला मुक्काम पुण्याजवळचा. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याला टिपूच्या लोकांनी पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभरानंतर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि युरोपातील शल्यविशारदांचे तिकडे लक्ष वेधले.

६/ त्या कारागिराची युक्ती अशी की कपाळाची कातडी पूर्णपणे तोडायची नाही. एका बाजूने ती जोडलेली ठेवायची, म्हणजे तेवढ्या पुलावरून रक्त वाहत राहते आणि कातडी जगते. जिवंत अवयव हलवायचा असेल तर त्याचा रक्ताचा पूल तोडू नये, हे ते तत्त्व. कावसजीला नाक मिळाले. हात मात्र मिळाला नाही. हातासाठी रक्ताचा पूल पुरेसा नव्हता. आणखी काय हवे होते, ते समजायला दीडशे वर्षे लागली.

७/ एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली आणि त्यांनी माणसांची बोटे खाल्ली. फ्रान्समधील लील हे गिरण्यांचे शहर. तेथील शल्यविशारद फ्रांस्वा गेर्मोंप्रे यांनी १८८७ मध्ये अंगठ्याच्या पुनर्रचनेवर लिहिले. अंगठा गेलेल्या हातावरचे दुसरे बोट त्याच्या जागी सरकवण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न मानला जातो.

८/ ऑस्ट्रियातील ग्राझ येथे कार्ल निकोलाडोनी यांनी त्याहून धाडसी मार्ग धरला. त्यांनी अंगठ्याच्या जागी पायाचे बोट लावले. त्यासाठी रुग्णाचा हात पायाशी जोडून प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवावा लागे. हाताकडून बोटाला नवे रक्त मिळू लागले की मगच पायाकडचा पूल कापायचा. १९०० साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुण्याजवळच्या कारागिराचेच तत्त्व, पण किती यातनामय रूपात!

९/ एवढे करूनही अशा अंगठ्याला नीट स्पर्श कळत नसे, कारण मज्जातंतू मागे राहून जात. अंधारात खिशातले नाणे ओळखायचे तर हाताला डोळे हवेत, आणि ते डोळे बोटांच्या टोकांशी असतात. ज्या अंगठ्याला स्पर्श नाही, तो वापरायचे माणूस हळूहळू सोडून देतो. म्हणून केवळ रक्त नको. रक्त आणि संवेदना दोन्ही सोबत न्यायला हव्यात.

१०/ हे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत तीन देशांत पुढे आले. पॅरिसचे जाँ गोसे यांनी १९४९ मध्ये तर्जनीचा अंगठा करण्याची पद्धत वर्णिली. जर्मनीतील बोखुमचे ओटो हिल्गेनफेल्ट यांनी १९५० मध्ये अंगठ्याच्या पुनर्रचनेवर ग्रंथच लिहिला. न्यूयॉर्कचे विल्यम लिटलर यांनी १९५३ मध्ये आपली पद्धत मांडली. बोखुम म्हणजे कोळशाच्या खाणींचा प्रदेश. लिटलर यांचे हात घडले युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर.

११/ तिघांचे सूत्र एकच होते. बोट हलवताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या बारीक धमन्या आणि मज्जातंतू न तोडता सुटे करायचे, आणि बोट त्या नाजूक दोऱ्यांवर तोलून नव्या जागी न्यायचे. आता कातडीचा पूल नको, हात-पाय जखडणे नको. बोट पहिल्या दिवसापासून जिवंत आणि संवेदनशील. या क्रियेला अंगठ्याच्या लॅटिन नावावरून 'पॉलिसायझेशन' म्हणतात. मराठीत 'अंगुष्ठीकरण' म्हणता येईल.

१२/ पण हे सारे ज्ञान प्रौढांचे होते : खाणकामगार, गिरणीकामगार, सैनिक. त्यांच्या हातात अंगठ्याचे बूड, स्नायू, खोगिरासारखा सांधा यांपैकी बरेच काही शिल्लक असे. जन्मतःच अंगठा नसलेल्या बाळाच्या हातात यातले काहीही नसते. अशी मुले दुर्मीळ. एखाद्या शल्यविशारदाला आयुष्यभरात मोजकीच दिसत. मोजक्या रुग्णांवरून पद्धत घडत नाही. मग असे काही घडले, जे कधीही घडायला नको होते.

१३/ १ ऑक्टोबर १९५७. पश्चिम जर्मनीत ग्रुनेनथाल कंपनीने 'कॉन्टरगान' नावाचे झोपेचे औषध बाजारात आणले. त्यातला घटक थॅलिडोमाइड. हे औषध अगदी निर्धोक, अशी जाहिरात होती. चिठ्ठीशिवायही ते मिळे. गरोदरपणातील मळमळ आणि अस्वस्थतेवरही स्त्रिया ते घेत. थोड्याच काळात ते अनेक देशांत वेगवेगळ्या नावांनी पोहोचले.

१४/ त्यानंतर प्रसूतिगृहांतून आखूड हातांची, बिनअंगठ्याची मुले मोठ्या संख्येने दिसू लागली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी मातांकडे बारकाईने चौकशी केली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये या औषधावर बोट ठेवले. त्याच महिन्याच्या अखेरीस औषध जर्मनीच्या बाजारातून मागे घेण्यात आले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुले बाधित झाली होती. कंपनीने जाहीर क्षमा मागितली ती २०१२ मध्ये.

१५/ लेन्झ यांच्या अभ्यासातून एक थरकाप उडवणारी गोष्ट पुढे आली. शेवटच्या पाळीपासून मोजले तर साधारण ३४ व्या ते ५० व्या दिवसापर्यंतचा काळ तेवढा घातक होता. त्यातही औषध कोणत्या दिवशी पोटात गेले, यावर कान, अंगठा, बाहू की पाय बाधित होणार हे ठरे. या काळाच्या अगदी शेवटी गोळी घेतली असेल, तर अंगठ्याला दोनाऐवजी तीन पेरे येत. अनेक स्त्रियांना तेव्हा आपण गरोदर आहोत हे पुरते ठाऊकही नसे.

१६/ त्याच हॅम्बुर्ग शहरात कामगारांच्या अपघातांसाठी एक मोठे रुग्णालय होते. तेथे डीटर बुक-ग्रामको हे हाताची शल्यचिकित्सा करीत. यंत्रात सापडलेले हात दुरुस्त करणाऱ्या या माणसाकडे थॅलिडोमाइडग्रस्त मुले येऊ लागली. खाणी, गिरण्या आणि युद्धे यांतून साठलेले ज्ञान अशा रीतीने तान्ह्या बाळांच्या हातापर्यंत पोहोचले.

१७/ १९७१ मध्ये बुक-ग्रामको यांनी अंगठा नसलेल्या किंवा अपुऱ्या वाढलेल्या मुलांवरील आपली पद्धत आणि तिचे निष्कर्ष इंग्रजीत प्रसिद्ध केले. जन्मजात व्यंगासाठी आज जगभर होणारी ही शस्त्रक्रिया बहुतांशी त्याच पायावर उभी आहे. ती नेमकी काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तिच्यातला विचार फार सुंदर आहे.

१८/ अडचण अशी : तर्जनी अंगठ्यापेक्षा लांब, तिला एक पेर जास्त, आणि अंगठ्याच्या बुडाचा सांधा तर मुळात नाहीच. उपाय असा : तर्जनीच्या मुळाशी, तळहाताच्या आत जे लांब हाड असते, त्याचा मधला दांडा काढून टाकायचा. फक्त त्याचे गोल डोके ठेवायचे. ते डोके म्हणजे नव्या अंगठ्याच्या बुडाचे हाड.

१९/ आता प्रत्येक हाडाची बढती होते. तर्जनीचे पहिले पेर तळहातातील हाडाचे काम करू लागते. दुसरे पेर अंगठ्याचे पहिले पेर होते, तिसरे त्याचे टोक. तीन पेरांचे बोट दोन पेरांचे झाले आणि लांबीही बेताची झाली. शिवाय जपलेल्या त्या डोक्यातील वाढीचा थर निकामी करतात. नाही तर मुलाबरोबर ते हाडही वाढत जाईल आणि अंगठा पुन्हा लांब होईल.

२०/ एक बारकावा बुक-ग्रामको यांच्या दृष्टीची साक्ष देतो. बोटाच्या मुळाचा सांधा मागच्या बाजूला बराच वाकतो; अंगठ्याचे बूड तसे वाकून चालत नाही, कारण चिमटीत जोर दिला की ते मागे कलंडेल. म्हणून ते गोल डोके आधीच पूर्ण मागे वाकवलेल्या स्थितीत बसवायचे. मागे जाण्याची मुभा संपली की उरते ती फक्त पुढे येण्याची. सांधा तोच, पण स्वभाव बदलला.

२१/ मग बोट फिरवायचे. तर्जनीचे नख हाताच्या पाठीकडे असते. अंगठ्याचे नख बाजूला वळलेले असते. ऑपरेशनच्या वेळी बोट सुमारे १६० अंश फिरवतात. स्नायू जोडले की त्यांच्या ताणाने ते थोडे परत येते आणि १२० अंशांच्या आसपास स्थिरावते. हा परतीचा हिशेब आधी केला नाही, तर नवा अंगठा बाकीच्या बोटांच्या समोर येत नाही.

२२/ शेवटी स्नायूंची नवी नेमणूक. जो स्नायू तर्जनीला अंगठ्याकडे ओढी, तो आता अंगठ्याला तळहातापासून दूर नेतो. जो तिला मधल्या बोटाकडे ओढी, तो अंगठ्याला आत आणतो. तर्जनी सरळ करणाऱ्या दोन कंडरांपैकी एक अंगठा ताठ करते, दुसरी त्याला बाहेर खेचते. नवे काहीच आणलेले नाही. आहे त्याचीच पुन्हा मांडणी केली आहे.

२३/ पण प्रत्येक बाळाला याची गरज नसते. म्युलर यांनी १९३७ मध्ये आणि जर्मनीचेच वाल्टर ब्लाउथ यांनी १९६७ मध्ये अपुऱ्या अंगठ्याच्या पायऱ्या लावल्या. पहिल्या पायरीवर अंगठा फक्त थोडा लहान. दुसऱ्या पायरीवर स्नायू दुबळे, अंगठा व तर्जनी यांमधली बेचकी अरुंद. चौथ्या पायरीवर अंगठा केवळ कातडीच्या देठाला लोंबतो. फ्रेंच त्याला 'तरंगता अंगठा' म्हणतात. पाचव्यावर तो नसतोच.

२४/ दुसऱ्या पायरीवर अंगठा वाचवतात : बेचकी रुंद करायची, सैल सांधा आवळायचा, आणि करंगळीच्या बाजूचा एक स्नायू वळवून अंगठ्याला जोडायचा. स्नायू वळवण्याची ही युक्ती हूबर यांनी १९२१ मध्ये मज्जातंतू निकामी झालेल्या हातासाठी वर्णिली होती. येथेही तेच : मोठ्यांच्या जखमेवर सापडलेला उपाय लहानांच्या कामी आला.

२५/ खरा पेच तिसऱ्या पायरीवर. १९९५ मध्ये अमेरिकेतील पॉल मॅन्स्के आणि सहकाऱ्यांनी तिचे दोन भाग केले. बुडाचा सांधा पक्का असेल तर अंगठा दुरुस्त करा. सांधाच नसेल तर तो अंगठा काढा आणि तर्जनीचा नवा करा. क्ष-किरण चित्रात दिसणारा हा फरक. आईवडिलांना मात्र दिसतो तो एक गोंडस, नख असलेला, बोट लावताच हलणारा अंगठा.

२६/ तो काढायला कोण सहज तयार होईल? हात म्हणजे पाच बोटे, हे केवळ गणित नाही. जपानसारख्या देशांत चार बोटांचा हात अनेक कुटुंबांना मान्य होत नाही. म्हणून तेथील शल्यविशारदांनी पायाच्या बोटाचा सांधा आणून दुबळा अंगठाच टिकवण्याचे मार्ग काढले. त्यात हात पाच बोटांचा राहतो, पण बळ आणि हालचाल बऱ्याचदा कमी पडते. कोणते व्यंग पत्करायचे, हा प्रश्न वैद्यकाला एकट्याने सोडवता येत नाही.

२७/ कोणी विचारील, मग पायाचे अख्खे बोटच का लावत नाहीत? निकोलाडोनींचे ते स्वप्न सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेने खरे केले. १९६५ मध्ये जपानातील नारा येथे कोमात्सू आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा परत जोडला. १९६९ मध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडच्या जॉन कॉबेट यांनी पायाच्या अंगठ्यापासून हाताचा अंगठा केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले.

२८/ अपघातात अंगठा गेलेल्यांसाठी हे वरदान आहे. परंतु जन्मतः अंगठा नसलेल्या हातात पायाचे बोट ज्यावर बसवायचे तो सांधा नसतो, जोडायला कंडरा नसतात, मज्जातंतूही अपुरे असतात. पाहुणा आला, पण घरच नाही, अशी गत. तर्जनी मात्र आपले सारे बिऱ्हाड घेऊन शेजारच्या खोलीत जाते. येथे 'गमावलेला' आणि 'न लाभलेला' यांतील फरक निर्णायक ठरतो.

२९/ शस्त्रक्रिया केव्हा करावी? बुक-ग्रामको यांचा आग्रह लवकर करण्याचा, शक्यतो पहिल्याच वर्षात. सर्वसाधारण बाळ नऊ-दहा महिन्यांचे झाले की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कुरमुरा उचलू लागते. बिनअंगठ्याचे बाळही गप्प बसत नाही. ते तर्जनी आणि मधले बोट यांच्या कात्रीत वस्तू पकडते. हळूहळू त्याची तर्जनी आपणहून थोडी वळते, बेचकी रुंदावते. शल्यविशारद जे करणार, त्याची सुरुवात बाळाने स्वतःच केलेली असते!

३०/ म्हणूनच बाळाचा मेंदू नवी मांडणी स्वीकारतो. अंगठा म्हणजे काय, हे त्याने पूर्वी अनुभवलेले नसते. त्यामुळे त्याला जुने विसरायचे नसते, फक्त नवे शिकायचे असते. खाणकामगाराला जे कष्टाने जमे, ते बाळ खेळता खेळता करते.

३१/ तरीही हा चमत्कार नव्हे. नवा अंगठा नेहमीच्या अंगठ्याइतका बळकट होत नाही. पिळणे, घट्ट झाकण उघडणे जड जाते. मूळ तर्जनी लवचिक असेल तर फळ चांगले मिळते. पण मनगटाजवळचे आतले हाडच नसेल, हात आत वळलेला असेल आणि बोटे ताठर असतील, तर अपेक्षा बेताच्या ठेवाव्या लागतात. अशा वळलेल्या हातांचे आखडलेले स्नायू आधी हळूहळू ताणून घ्यावे लागतात. त्यासाठी मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली बाह्य सांगाड्याची 'जेस' पद्धतही वापरली गेली आहे.

३२/ आणखी एक गोष्ट पालकांनी अवश्य जाणावी. अंगठा आणि काही आंतरिक अवयव गर्भात एकाच सुमारास घडतात. त्यामुळे अंगठा अपुरा असेल तर हृदय, मूत्रपिंडे, मणके आणि रक्त यांची तपासणी करतात. १९२७ मध्ये गिदो फान्कोनी यांनी वर्णिलेल्या विकारात पुढे अस्थिमज्जा रक्त बनवणे थांबवते. त्याची पहिली खूण कधी कधी हा अंगठाच असते. ती वेळीच ओळखली तर उपचारांची तयारी करता येते.

३३/ थॅलिडोमाइड हातच का खुडते, याचा उलगडा व्हायला अर्धशतक लागले. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी औषध पेशीतील ज्या प्रथिनाला चिकटते ते शोधले. २०१८ मध्ये कळले की त्यामुळे 'सॉल-४' नावाचे दुसरे एक प्रथिन नष्ट होते. आणि याच प्रथिनाच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या काही कुटुंबांत, कोणतेही औषध न घेता, अपुऱ्या अंगठ्याची मुले जन्मतात. गोळी आणि जनुक एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

३४/ पुण्याजवळचा अनाम कारागीर, लीलच्या गिरण्या, बोखुमच्या खाणी, युद्धातले जखमी आणि एका औषधाने फसवलेल्या हजारो माता. कोणीही हे ज्ञान बाळांसाठी म्हणून जमवले नव्हते. बहुतेकांनी त्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजली. आज चार बोटांच्या हाताने एखादी मुलगी रांगोळीची चिमूट सोडते, तेव्हा त्या रेषेत हे सारे हात असतात.

३५/ आपल्या ओळखीत असे बाळ असेल तर दोनच गोष्टी सांगाव्यात. हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाला लवकर भेटा आणि बाळाच्या सर्वांगाची तपासणी करून घ्या. आणि बोटे मोजत बसू नका. ते बाळ काय धरू पाहते आहे, तिकडे पाहा. धागा समाप्त.